चार दिवसांची लूट, पाच वर्षांची फेलोशिप



यंदा गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी मला अडवलं. "अगं, तू अजून शिकतेसच का?" मी हसून "हो" म्हटलं. त्यांच्या शेजारी त्यांची भाची उभी होती, बारावीतली. काकू पुढे सरकल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, मलाही इतिहास घ्यायचाय. पण घरी कसं सांगू? त्यात पैसे मिळतात का?"

रांग पुढे सरकत होती, मोदक हातात होता. मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. अंकासाठी लेख हवा असं मंडळाकडून कळलं, तेव्हा तेच उत्तर लिहायचं ठरवलं. ते तिच्यासाठी आहे, आणि तिच्या घरच्यांसाठीही.

सहावीतला प्रश्न

आमचं घर लिंबायतचं. आजोबा नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरले आणि लूम खात्यात लागले. आबाही तिथेच, आधी कारागीर, मग सुपरवायझर. पाचवीपर्यंत मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. सहावीत गुजराती माध्यमात गेले आणि पहिल्याच महिन्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "तमारा शिवाजीए अमारुं सुरत लूंट्युं!"

सगळा वर्ग हसला. बोलणारा मुलगा दुष्ट नव्हता, पुढे आम्ही एकाच डब्यातला लोचो खाल्ला. पण त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही. घरी आबांना विचारलं. ते म्हणाले, "महाराजांनी स्वराज्यासाठी केलं. मान खाली घालायची नाही." मी मान खाली घातली नाही, पण उत्तरही मिळालं नाही. शाळेत एक गोष्ट, घरी दुसरी. आपल्यापैकी सुरतेत वाढलेल्या बहुतेकांना हे ओळखीचं वाटेल.

कॉलेजात इतिहास घेतला तो याच प्रश्नापायी. तेव्हा आजीने अहिराणीत विचारलं होतं, "इतिहास शिकीसन पोट भरी का वं माय?" काकूंच्या भाचीचा प्रश्न आणि आजीचा प्रश्न एकच आहे.

दक्षिणा ते फेलोशिप

फेलोशिप म्हणजे काय, हे आधी सांगते. शाळेतली स्कॉलरशिप हुशारीबद्दल मिळते. फेलोशिप कामासाठी मिळते. एक विषय घेऊन काही वर्षं जुने कागद, ग्रंथ वाचायचे आणि त्यातून नवं काही सांगायचं. तेवढा काळ घर चालावं म्हणून दरमहा पैसे. सरकारी मराठीत तिला 'अधिछात्रवृत्ती' म्हणतात. हा शब्द ऐकूनच आमच्या आजीने हात जोडले होते.

आपल्याकडे हे नवं नाही. पेशवाईत श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. ही प्रथा त्याआधी तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली होती. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने तो खर्च कमी केला आणि त्यातला काही भाग शिक्षणाकडे वळवला. हा पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरावा म्हणून पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, त्यावरून वाद पेटला आणि जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. पुढे त्याच निधीतून कॉलेजांमध्ये 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. रा. गो. भांडारकर दक्षिणा फेलो होते, न्यायमूर्ती रानडेही होते. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा रानड्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली आला. म्हणजे पूर्वी एका जातीपुरती असलेली दक्षिणा अभ्यासाचा पगार झाली आणि आज ती परीक्षा देणाऱ्या कुणालाही मिळू शकते.

आपल्या शेजारच्या बडोद्याचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. तिथे १९१५ मध्ये त्यांनी एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर होता. याच कंपनीची हिंदुस्थानातली पहिली मोठी वखार आपल्या सुरतेत होती.

२४ लाखांचा हिशेब

एम.ए. झाल्यावर मी यूजीसीची नेट परीक्षा दिली. ती वर्षातून दोनदा होते. तीन तास, दोन पेपर, ३०० गुण. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. वरच्या थोड्या मुलांना जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळते. पहिल्या वेळी मी नापास झाले. दुसऱ्या वेळी नेट झाली, जेआरएफ थोडक्यात गेली. तेव्हा घोडदोड रोडच्या नर्मद लायब्ररीत मी सकाळी नऊला जाऊन बसायची आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायची.

त्याच वर्षी बँकेच्या क्लार्कची परीक्षाही पास झाले. घरात पेढे वाटले गेले. मामा म्हणाले, "झालं, सुटलो." आणि तिसऱ्या प्रयत्नाचा नेटचा निकाल लागला, जेआरएफ मिळाली. त्या रात्री आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही. बँक म्हणजे कायमची नोकरी. फेलोशिप म्हणजे पाच वर्षं, पुढचं माहीत नाही. आई म्हणाली, "पाच वर्षांनी तू तिशीत असशील." ती खोटं बोलत नव्हती.

आबांनी फक्त विचारलं, "महिना किती?" मी सांगितलं, पहिली दोन वर्षं ३७ हजार, मग काम समाधानकारक असेल तर तीन वर्षं ४२ हजार. घरभाडं वेगळं, पुस्तकं आणि प्रवासासाठी वर्षाला थोडी रक्कम वेगळी. आबांनी लुंगीच्या हिशेबाची वही घेतली आणि मागच्या पानावर आकडेमोड केली. ३७ हजार गुणिले २४, अधिक ४२ हजार गुणिले ३६. बरोब्बर २४ लाख. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जुने कागद वाचायचे सरकार एवढे पैसे देतं? मग त्या कागदांत काहीतरी असणार."

बँकेला मी नाही कळवलं. मामा आमच्याशी वर्षभर धड बोलले नाहीत.

सुरतेची एक गोष्ट, चार तोंडं

आता सहावीतल्या त्या प्रश्नाकडे येते, कारण फेलोशिपचे पैसे त्याच प्रश्नावर खर्च होतात.

जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले आणि सुमारे चार दिवस होते. दुसऱ्यांदा ऑक्टोबर १६७० मध्ये आले. पहिल्या स्वारीच्या वेळी मोगल सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला. तोच चौक बाजारचा किल्ला, जिथे आपण आता तिकीट काढून जातो. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग या बड्या व्यापाऱ्यांचे वाडे लुटले गेले. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून बसले. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांना आणि एका दानशूर दलालाच्या घराला हात लावला गेला नाही.

इंग्रज वखारीच्या पाद्र्याने, जॉन लेस्कॅलियटने, या चार दिवसांचा वृत्तांत पत्रातून इंग्लंडला पाठवला. पत्र कुणाला? सर थॉमस ब्राउनना, म्हणजे त्या काळातल्या नामवंत इंग्रजी गद्यलेखकाला. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असतं, पण त्यांच्या कागदांत सुरत आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

ही सगळी वर्णनं शेजारी शेजारी ठेवून वाचली की कळतं, कोण काय मिळवायला लिहितंय. इंग्रजांनी आपल्या शौर्याचं वर्णन रंगवून केलं. त्यानंतर औरंगजेबाने त्यांना आणि डचांना जकातीत सवलत दिली, हेही लक्षात ठेवावं लागतं. आपल्याकडची सभासद बखर १६९७ ची, म्हणजे घटनेनंतर तेहतीस वर्षांनी लिहिलेली. फारसी कागदांचा सूर निराळाच. यातलं कुठलंच एक वाचून उत्तर मिळत नाही.

चार दिवसांच्या पुढे

माझा पहिला संशोधन आराखडा 'सुरतेचा इतिहास, १६०० ते १८००' असा होता. मार्गदर्शक मॅडमनी तो बाजूला ठेवला. "हे चार जणांचं आयुष्यभराचं काम आहे. तू एक माणूस आणि पाच वर्षं. प्रश्न सांग." प्रश्न शोधायलाच मला चार महिने लागले. शेवटी ठरलं, अठराव्या शतकातली सुरतेची चौथ.

हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं, मराठे सुरतेत दोनदा आले, लूट केली आणि गेले. पण अठराव्या शतकात आसपासच्या 'सुरत अठ्ठाविशी' परगण्यांवर गायकवाडांचा अंमल बसला. शहराच्या उत्पन्नात मराठ्यांचा चौथाईचा हिस्सा होता आणि तो वसूल करणारा त्यांचा माणूस शहरात राहायचा. इंग्रजी कागदांत त्याला 'चौथिया' म्हटलंय. १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, १८०० मध्ये शहराचा सगळा कारभार घेतला. तरी सुरतेवरचा पेशव्यांचा हक्क कागदावर सुटला तो १८०२ च्या वसईच्या तहात. म्हणजे आपण इथे फक्त चार दिवस नव्हतो. मराठी कारकून इथे कित्येक वर्षं हिशेब लिहीत बसले होते. चौथ किती आली, बाकी किती राहिली, कुणी थकवली.

हे कागद मोडीत आहेत. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. पहिले तीन महिने मला एक ओळ वाचायला एक दिवस लागायचा.

तारखांची गंमत तर वेगळीच. वर्ष अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं असतं. 'तिसा खमसैन मया व अलफ' म्हणजे नऊ, पन्नास, शंभर आणि हजार. झाले ११५९. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, इथे १७५८-५९. म्हणजे इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला तेच वर्ष. हे सूत्र मी आबांना शिकवलं. आता ते लूमवर पोरांना कोडं घालतात.

आणि इथेच आपल्या मुलांची जमेची बाजू आहे. सुरतेतला मराठी मुलगा घरी मराठी किंवा अहिराणी बोलतो, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी वाचतो. जुन्या सुरतेचे कागद याच भाषांत आहेत. बाहेरच्या संशोधकाला दोन भाषा शिकायलाच तीन वर्षं लागतात. आपण मात्र त्या भाषा 'काही कामाच्या नाहीत' म्हणून सोडून देतो.

सुरतेचे कागद जगभर

१६०८ साली, ज्या वर्षी समर्थ रामदासांचा जन्म झाला, त्याच वर्षी विल्यम हॉकिन्सचं 'हेक्टर' जहाज सुरतेला लागलं. पुढची दोनशे वर्षं सुरतेबद्दल जगभर लिहिलं गेलं. इंग्रज वखारींचे कागद लंडनला गेले. त्यातले निवडक विल्यम फॉस्टरने १३ खंडांत छापले, त्यांत १६१८ ते १६६९ चा काळ येतो. डच कंपनीचे कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते एका रांगेत ठेवले तर सुमारे १.२ किलोमीटर भरतात. त्यांच्या प्रतिमा आता घरबसल्या बघता येतात.

या कागदांपर्यंत मुलांना पोहोचवणाऱ्या फेलोशिपा असतात. नेदरलँड्समधल्या लायडेन विद्यापीठात २००० च्या सुमारास 'टॅनॅप' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. आशियातल्या तरुण संशोधकांना जुनी डच लिपी आणि भाषा शिकवून डच कंपनीचे कागद वाचायला बसवायचं, हा त्याचा हेतू. त्यातूनच गुलाम नाद्री यांचा अठराव्या शतकातल्या गुजरातच्या अर्थकारणावरचा ग्रंथ २००९ मध्ये आला. सुरतेच्या व्यापाऱ्यांबद्दल वाचायचं असेल तर तो आणि अशीन दासगुप्तांचा १९७९ चा ग्रंथ टाळून चालत नाही.

साहित्यवाल्यांनाही सुरतेत काम आहे. बेन जॉन्सनच्या ओळखीतला टॉमस कोरियट हा विक्षिप्त इंग्रज लेखक बराचसा प्रवास पायी करत हिंदुस्थानात आला आणि डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत वारला. इथल्या इंग्रजांनी पाजलेल्या दारूने त्याची हगवण वाढली, असं टेरी पाद्र्याने लिहून ठेवलंय. कतारगामजवळच्या डच कबरस्तानात ज्याची मोठी घुमटी आहे तो व्हॅन रीड म्हणजे मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' करवून घेणारा माणूस. त्या ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरीत छापलेलं आहे. आपण त्या रस्त्याने रोज रिक्षातून जातो.

अशा विषयांवर शेक्सपियरच्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांना वॉशिंग्टनची फोल्जर लायब्ररी फेलोशिपा देते. १९३२ मध्ये उघडलेल्या या ग्रंथालयात शेक्सपियरच्या पहिल्या फोलिओच्या ८२ प्रती आहेत. लंडनला जाऊन कागद बघायचे असतील तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीय संशोधकांना थोड्या मुदतीसाठी मदत करतो. कलकत्त्यात पैसा कमावलेल्या वॉलेसच्या संपत्तीतून तो १९८१ मध्ये उभा राहिला.

अडचणी लपवत नाही

हे सगळं वाचून कुणी उद्याच नोकरी सोडू नये. माझी फेलोशिप एकदा सात महिने अडकली. एक सही, एक शिक्का, एक पोर्टल. त्या सात महिन्यांत मी पुन्हा शिकवण्या घेतल्या आणि आबांनी माझ्या हॉस्टेलचं भाडं भरलं. मामा तेव्हा म्हणाले, "बँकेत असतीस तर एक तारखेला पगार झाला असता." खरंच होतं. पुढे थकबाकी एकदम जमा झाली. मी सगळ्यात आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला. आणि पीएच.डी. झाल्यावर नोकरी मिळेलच, असंही मी कुणाला सांगणार नाही. प्राध्यापकांच्या जागा कमी निघतात.

तरी मला पश्चात्ताप नाही. त्या वेळी कुणी पुढच्या गोष्टी आधी सांगितल्या असत्या, तर वर्ष-दीड वर्ष वाचलं असतं.

मुलांनो, एवढं करा

• बी.ए.ला असतानाच जेआरएफची वयाची अट बघून ठेवा. साधारण ३० वर्षांची मर्यादा आहे, मुलींना पाच वर्षांची सूट आहे.

• गुजरातमधल्या विद्यापीठात पूर्णवेळ पीएच.डी. करणार असाल आणि जेआरएफ नसेल, तर राज्य सरकारची 'शोध' योजना बघा. महिना १५ हजार आणि वर्षाला २० हजार वरखर्चासाठी. दिल्लीच्या भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेच्याही फेलोशिपा असतात.

• महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या गटांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात, पण तिथे महाराष्ट्राचं रहिवासी असावं लागतं. आपल्या घरांत अर्धे दाखले धुळ्याचे आणि अर्धे सुरतेचे असतात. अधिवास आणि जातीचा दाखला कोणत्या राज्याचा चालेल, हे अर्जाच्या आदल्या रात्री नाही, दोन वर्षं आधी विचारा.

• एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. रकमा आणि अटी बदलतात, म्हणून ताजी जाहिरात वाचल्याशिवाय अर्ज करू नका.

• अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. माझा प्रश्न काय, तो सोडवणारे कागद कुठे आहेत, आणि ते वाचायला लागणारी भाषा किंवा लिपी मला येते का.

• मोडी आत्ताच शिका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करतंय. सुट्टीत महिनाभर दिला तरी पाया पक्का होतो.

आणि पालकांनो, तुम्हाला एवढीच विनंती. मुलगी इतिहास म्हणाली की लगेच "पुढे काय?" विचारू नका. आधी "प्रश्न काय आहे?" एवढं विचारा. तिच्याकडे प्रश्न असेल तर बाकीचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडता येतो.

मागच्या दिवाळीत रिंग रोडवर तो सहावीतला वर्गमित्र भेटला. त्याचं आता साड्यांचं दुकान आहे. मी काय करते ते सांगितल्यावर म्हणाला, "तो पछी शुं निकळ्युं? लूंट्युं के नहीं?" मी म्हटलं, "लूंट्युं. पण पछी अमे अहींज रह्या, हिसाब लखता हता." तो हसला आणि पोराला चहा आणायला पाठवलं. मग दुकान बंद होईपर्यंत त्याने मला विचारलं, वीरजी व्होराचा माल कुठून यायचा, व्याज किती घ्यायचा, इंग्रजांना उधार का द्यायचा. मला सगळ्याची उत्तरं आली नाहीत. दोन प्रश्न मी वहीत लिहून घेतले. पुढच्या महिन्यात पुण्याला जाणार आहे, तेव्हा कागदांत शोधेन.

काकूंच्या भाचीला माझा नंबर मंडळाच्या कार्यालयातून मिळेल. तिने रविवारी सकाळी यावं. मोडीची पहिली बाराखडी मीच गिरवून घेईन.